खेळांची निवड: ऑडिट वर्ग 'ड'

ऑनलाइन कॅसिनोंची परीक्षणं लिहिणारी एक जमात आहे. पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे हल्ली शोधावे लागतात, नाटकांची लिहिणारे मध्यंतरात घरी जातात; कॅसिनोंच्या परीक्षकांना मात्र उसंत म्हणून नसते. त्यांचा साचा ठरलेला. स्वागताचा बोनस, पैसे काढायला लागणारा वेळ, ग्राहकसेवेतली माणसं किती गोड बोलतात, असे रकाने. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. त्यातला सगळ्यात सढळ हाताने भरलेला रकाना म्हणजे 'खेळांची निवड'. नऊच्या खाली आलेला मी तरी पाहिलेला नाही. का नऊ? तर 'इथे तीन हजारांहून अधिक खेळ आहेत.' खेळ कसे आहेत? अधिक आहेत. मग एक गुण का कापला? बहुधा परीक्षण खरं वाटावं म्हणून.

मी पत्त्यांतही कधी पैसे लावलेले नाहीत. तरी हे सगळं मला ठाऊक आहे, ते आमच्या इमारतीतल्या ऑडिटरकाकांमुळे.

काका सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले. पतसंस्था, दूध संघ, सूतगिरण्या आणि एक-दोन साखर कारखाने त्यांच्या तांबड्या पेन्सिलीखालून गेले आहेत, आणि त्यांतल्या काहींचे माजी अध्यक्ष काका समोरून येताना दिसले की अजूनही रस्ता ओलांडतात. दर उन्हाळ्यात काका-काकू लेकीकडे लेस्टरला जातात. काकूंना तिथे नात आहे, बाग आहे, भिशीसुद्धा आहे. काकांना तपासायला काही नाही. पहिल्या वर्षी त्यांनी जावयाच्या विजेच्या बिलातली चूक काढली, दुसऱ्या वर्षी कौन्सिल टॅक्समधली. यंदा घरात तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तेवढ्यात रात्री उशिरा टीव्हीवर त्यांना कॅसिनोची जाहिरात दिसली: तीन हजार खेळ!

"मोजले कोणी?" काकांनी विचारलं. "साठा पडताळणी झालीय का?"

जावयाने गेल्या विश्वचषकाच्या वेळी पाच पौंड टाकून असंच एक खातं उघडलं होतं आणि मग तो ते विसरूनही गेला होता. सासऱ्यांना खूश करण्याच्या भरात हे तो बोलून गेला. निष्क्रिय खातं म्हटलं की काकांचे डोळे चमकतात. त्या रात्रीपासून जावई लॅपटॉपवर आणि शेजारच्या खुर्चीत लांबोडकी वही घेऊन काका, अशी तपासणी सुरू झाली. रोजचा अहवाल व्हॉट्सॲपवर आवाज भरून मला यायचा. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र, पण काका लेखापरीक्षण अर्धवट ठेवत नाहीत आणि मीही फोन बंद ठेवत नाही.

तिकडे हे सगळं कायदेशीर आहे, हे आधी सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये २००५चा जुगार कायदा आहे, त्याखाली जुगार आयोग आहे, आयोगाचे परवाने आहेत, परवान्यांना अटी आणि अटींना पोटअटी आहेत. काकांना लेकीच्या घरी माहेर सापडलं. आपल्याकडे २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद करून टाकले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. "बंद केलेल्या गोष्टीचं ऑडिट करता येत नाही," काका म्हणाले, "आणि चालू असलेली तपासली की ती बंद पडते. म्हणून परदेशातच बरं."

साठा पडताळणी पहिल्याच रात्री बिनसली. कॅसिनोचं पान म्हणजे चित्रांच्या ओळीच ओळी. 'लोकप्रिय', 'नवीन', 'सध्या गरम', 'तुमच्यासाठी खास', 'इजिप्तची रहस्यं', 'फळंच फळं'. काकांनी प्रत्येक खेळाचं नाव वहीत उतरवायला घेतलं, आणि पाचव्या ओळीला आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या ओळीतला खेळ तिसरीतही आहे आणि तिसरीतला पाचवीत. "अरे, ही युक्ती मी एका तालुका संघात पकडली होती," त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. "खताचं एकच पोतं तीन गोदामांत दाखवलेलं. पोत्यावर चुन्याची खूण केली आणि पुढच्या गोदामात जाऊन बसलो. तासाभरात पोतं आलं की मागच्या दाराने!"

दुबार नोंदी वगळूनही खेळ पुष्कळ उरतात, हे खरं. मग काकांनी ते विषयवार लावले. प्राचीन इजिप्त हे सगळ्यात मोठं खातं. याचं मूळ 'बुक ऑफ रा' नावाच्या २००५च्या यंत्रात, ऑस्ट्रियातल्या नोव्होमॅटिक कंपनीच्या. एक साहसी टोपीवाला, एक सोनेरी पुस्तक, थोडे पिरॅमिड. ते चाललं म्हटल्यावर २०१६ साली स्वीडनच्या प्लेन गो कंपनीचं 'बुक ऑफ डेड' आलं. तोही टोपीवाला, तेही पुस्तक. त्यानंतर इतकी 'बुकं' निघाली की इजिप्तमध्ये राजे कमी आणि ग्रंथपाल जास्त असावेत असा काकांचा समज झाला आहे. दुसरं खातं देवांचं. ग्रीक झ्यूस २०२१च्या 'गेट्स ऑफ ऑलिंपस'मध्ये बाजूला उभा राहून हात वर करतो आणि अधूनमधून वीज पाडतो. तिसरं खातं मासेमारीचं. २०२०मध्ये 'बिग बास बोनान्झा' आला. एक कोळी, थोडे मासे, माशांच्या पोटावर पैशांचे आकडे. मग 'बिगर बास' आला, मग 'ख्रिसमस बिग बास'. काकांनी तिन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले. "मासा तोच आहे," त्यांचा निष्कर्ष आला. "टोपी नवीन घेतलीय."

देवांच्या खात्यात आपलाही माणूस निघाला. 'गणेशा गोल्ड' म्हणून एक खेळ आहे, पीजी सॉफ्ट कंपनीचा. साक्षात बाप्पा. आपल्याकडे दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा दिवस बसतात. तिथे बारा महिने चोवीस तास ड्यूटी, विसर्जन नाही. काकू चहा द्यायला आल्या तेव्हा पडद्यावर तोच होता. त्या क्षणभर थांबल्या आणि जावयाला काही बोलता येत नाही म्हणून नवऱ्याला म्हणाल्या, "निदान पायातल्या सपाता काढून बसा."

फळांच्या ओळीने मात्र काकांना खरा आनंद दिला, कारण तिच्यात कायद्याची पळवाट निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या यंत्रकाराने 'लिबर्टी बेल' हे तीन चाकांचं यंत्र बनवलं. त्यावर घोड्याचे नाल, पत्त्यांचे रंग आणि घंटा होती, फळ एकही नव्हतं. पुढे जुगारावर बंदी येऊ लागली तेव्हा यंत्रवाल्यांनी पैशाऐवजी च्युइंगगम द्यायला सुरुवात केली: हा जुगार कुठे, हे तर गोळ्यांचं दुकान! गमच्या चवी दाखवायला चाकांवर चेरी, लिंबू, संत्रं आलं. 'बार' असं लिहिलेली काळी पट्टीही त्या गमच्या छापातूनच आली म्हणतात. गम गेला, फळं राहिली. शंभर वर्षांहून जुनं खोटं व्हाउचर आजतागायत दप्तरी आहे आणि त्याला कुणी आक्षेप घेतलेला नाही, हे ऐकून काका दोन दिवस भारावलेले होते.

त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कॅसिनोचं पान उघडायला लावलं. मग तिसऱ्याचं. रंग वेगळे, नावं वेगळी, आत तोच टोपीवाला आणि तोच मासा, बहुतेक त्याच क्रमाने. याला कारण आहे. खेळ बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आणि कॅसिनो मांडणारे वेगळे. मध्ये घाऊक पुरवठादार असतात, त्यांची एक जोडणी घेतली की हजारो खेळांचा गठ्ठा एकदम दुकानात येऊन पडतो. म्हणजे ज्या 'निवडी'ला दहापैकी नऊ गुण मिळतात ती कॅसिनोने केलेलीच नसते. निवड म्हणजे काही तरी नाकारणं. इथे कुणी कशालाच नाही म्हटलेलं नाही.

"आणि हे गुण देणाऱ्याला पैसे कोण देतं?" काकांनी तो प्रश्न विचारला जो ते कुठल्याही संस्थेच्या दारात पाऊल टाकताना विचारत आले आहेत. उत्तर सोपं आहे. परीक्षणाच्या खाली 'आत्ताच खेळा' असं बटण असतं. त्या बटणावरून आत गेलेला माणूस जे हरेल त्यातला ठरलेला टक्का परीक्षकाला मिळतो, अनेक करारांत तर तो माणूस खेळत राहील तोवर. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तपासनीस तोट्यात भागीदार. म्हणजे आमच्याकडे नव्हतं असं नाही. पण लेखी करार कुणी करत नसे."

इथवरचा भाग मजेचा होता. खरं ऑडिट यापुढे सुरू झालं.

प्रत्येक खेळाच्या कोपऱ्यात एक बारीकसं 'आय' असतं, किंवा तीन आडव्या रेघा. ते दाबलं की नियम उघडतात, आणि त्या नियमांच्या तळाशी, चिन्हांची चित्रं आणि 'बिघाड झाल्यास सर्व खेळ रद्द' हे वाक्य ओलांडल्यावर, एक आकडा असतो: ९६.२१ टक्के, ९४ टक्के, असा काहीतरी. याला खेळवाले 'आरटीपी' म्हणतात. लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी इतके परत येतात, उरलेले घरी, म्हणजे त्यांच्या घरी. हा आकडा सरासरीचा आहे आणि ती लाखो डावांची सरासरी आहे; एका संध्याकाळी काहीही होऊ शकतं, आणि त्या 'काहीही'वरच सगळा धंदा चालतो. पण खेळांचं मूल्यमापन करायचं असेल तर करण्याजोगा आकडा हाच. नवीन-जुने, अक्षरक्रम, कंपनीचं नाव, अशा सगळ्या रीतीने खेळ लावून दाखवायची सोय त्या पानावर होती. या आकड्याप्रमाणे लावायची सोय नव्हती.

मग काकांना ते सापडलं. 'बुक ऑफ डेड' पहिल्या कॅसिनोत ९६.२१ टक्के होता. दुसऱ्यात तोच खेळ, तोच टोपीवाला, तीच गाणी, आकडा ९४.२५. जावयाला वाटलं, सासऱ्यांचा चष्मा बदलायला हवा. चष्मा ठीक होता. बनवणारी कंपनी हा खेळ पाच दरांत देते, वरचा ९६.२१ आणि सगळ्यात खालचा ८४च्या आसपास; कुठला घ्यायचा हे कॅसिनोने ठरवायचं. बाहेरून पाचही सारखेच दिसतात. काकांनी आयुष्यात दोन नंबरच्या वह्या पुष्कळ पाहिल्या. पाच नंबरपर्यंत गेलेला त्यांना पहिल्यांदाच भेटला. "आणि लपवलेलं काही नाही हं," ते कौतुकाने म्हणाले. "सगळं लिहून ठेवलंय. फक्त कुणी वाचणार नाही अशा जागी. आम्ही याला 'सभासदांच्या माहितीसाठी सूचनाफलकावर लावले' म्हणायचो."

शंभरातून ९६.२१ वजा केले की उरतात ते जेमतेम चार टक्के म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं. आपण जीएसटी त्याहून जास्त देतो. काकांनी मला फोनवर वही-पेन्सिल आणायला लावली. रात्रीचा दीड वाजला होता.

"एक पौंडाचा डाव धर. मिनिटाला दहा डाव, हे सावकाशच म्हणायचं. तासाला सहाशे. म्हणजे तासाला उलाढाल किती? सहाशे पौंड. त्याचे चार टक्के?"

"चोवीस."

"ताशी चोवीस पौंड. इथे एप्रिल २०२५मध्ये किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं. म्हणजे एक तास करमणूक करून घ्यायला दोन तास मजुरी. नाटकाचं तिकीट असतं तसा या खेळाला ताशी दर आहे, पण तो दारावर लावत नाहीत. आता रुलेट घे. युरोपी चाकात सदतीस घरं, एक शून्य. घरमालकाचे २.७ टक्के. जिवंत माणूस चाक फिरवतो, गोळी थांबायला वेळ लागतो, तासाला चाळीसेक फेऱ्या. एक पौंडाप्रमाणे चाळीस पौंड. २.७ टक्क्यांनी?"

"एक पौंड आठ पेन्स."

"चोवीस आणि एक! एकाच दुकानात, एकाच पानावर, शेजारी शेजारी. आणि तुझा तो परीक्षक दोघांना मिळून नऊ गुण देतो."

'माझा' परीक्षक कधी झाला ते मला कळलं नाही, पण हिशेब चुकीचा नव्हता. अमेरिकी रुलेटमध्ये एकाऐवजी दोन शून्यं असतात, त्यामुळे घरमालकाचा हिस्सा ५.२६ टक्क्यांवर जातो. एक जादा भोक आणि जवळजवळ दुप्पट भाडं. ब्लॅकजॅकमध्ये पानं कधी घ्यायची, कधी थांबायचं याचा तक्ता तोंडपाठ असेल तर हिस्सा अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरतो. बॅकरामध्ये 'बँकर'वर लावलं तर १.०६ टक्के, पण तिथेच 'बरोबरी'वर लावलं तर चौदा टक्क्यांहून जास्त. आणि केनो नावाचा लॉटरीसारखा खेळ आहे, त्यात शंभरातले पंचवीस-तीस गेले तरी आश्चर्य वाटून घ्यायचं नाही. सगळे एका छपराखाली, 'निवड' या एका शब्दाखाली.

वेगाचा मुद्दा काकांच्या इतका मनात भरला की ते मटक्यावर घसरले. साठच्या दशकातली मुंबई काकांनी पाहिलेली आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर सुरू झालेला आकड्यांचा खेळ पुढे मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर आला, तो चालवणाऱ्या कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांची नावं गिरणगावात पंतप्रधानांइतकी माहीत होती. त्यात तरी निवड किती? ओपन, क्लोज, जोडी, पत्ती. एक आकडा लागला तर रुपयाला नऊ. आकडे दहा, देणार नऊ. म्हणजे मालकाचे दहा टक्के, फिरत्या चाकांच्या या खेळांच्या, म्हणजे 'स्लॉट'च्या, अडीचपट. "पण आकडा निघायचा दिवसातून दोनदा," काका म्हणाले. "रुपयाने खेळणारा माणूस ओपनला दहा पैसे, क्लोजला दहा पैसे, असे सरासरी वीस पैसे दिवसाला घालवायचा. तोच रुपया या माशावर लावला तर तासाला चोवीस रुपये. मटक्याने संसार बुडाले, ते मी बघितलेत, त्याला मी 'ड' वर्गच देतो. पण हा मासा बघ आणि मला सांग, 'ड'च्या खालचं अक्षर कुठलं?"

सहकारात ते नाही. 'अ' ते 'ड' एवढेच ऑडिट वर्ग आहेत.

ब्रिटिश आयोगालाही वेगाची कुणकुण लागलेली आहे, असं काकांना नियम वाचताना आढळलं आणि आयोगाविषयीचा त्यांचा आदर दुणावला. ऑक्टोबर २०२१अखेरपासून तिथे ऑनलाइन स्लॉटचा एक डाव अडीच सेकंदांहून लवकर संपता कामा नये, आणि आपोआप फिरत राहण्याचं बटण बंद. २०२५च्या एप्रिलपासून एका डावाला जास्तीत जास्त पाच पौंड, आणि पंचविशीच्या आतल्या पोरांना मे महिन्यापासून दोनच. त्याच २०२१च्या नियमांत एक कलम असं आहे की ते मला मराठी विनोदी साहित्यातलं वाटलं: लावलेल्या रकमेइतकं किंवा त्याहून कमी परत मिळालं तर कॅसिनोने जल्लोष करू नये.

म्हणजे तोवर करत होते. वीस पेन्स लावायचे, पाच परत यायचे, पंधरा गेले. आणि पडद्यावर नाणी उडतायत, तुताऱ्या वाजतायत, 'जिंकलात!' याला अभ्यासक 'विजयाच्या वेषातला पराभव' म्हणतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली खेळणाऱ्यांच्या त्वचेवरचे बदल मोजून दाखवलं की शरीराला हा पराभव बराचसा विजयासारखाच वाटतो. याहून पोचलेली युक्ती १९८४ची. इंगे तेल्नेस या गृहस्थांनी अमेरिकेत एक पेटंट घेतलं: यंत्राचं चाक दिसायला, समजा, बावीस घरांचं, पण आतल्या संगणकात त्याच चाकाची घरं कितीतरी जास्त, आणि थोरल्या बक्षिसाच्या वाट्याला त्यांतलं एखादंच. डोळ्यांना वाटतं, बाविसात एक. मग हुकलं की 'अगदी थोडक्यात हुकलं'. काकांना यात बेकायदेशीर काही सापडलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. 'मेगावेज' जातीच्या खेळांवर 'जिंकण्याचे १,१७,६४९ मार्ग!' असं लिहिलेलं असतं. काकांनी पेन्सिलीने करून पाहिलं. सहा चाकं, प्रत्येकावर जास्तीत जास्त सात चित्रं, साताचा सहावा घात. आकडा बरोबर निघाला. तेही त्यांना आवडलं नाही.

जिवंत माणसांच्या टेबलांवर ते फार रमले नाहीत. रिगा वगैरे शहरांत मोठाले स्टुडिओ आहेत, स्वीडनची इव्होल्यूशन कंपनी त्यात सगळ्यांत थोर. कॅमेऱ्यासमोर टापटीप पोरं-पोरी पानं वाटतात, यंत्र ती पानं वाचतं, जगभरातली माणसं आपापल्या सोफ्यावरून पैसे लावतात. 'क्रेझी टाइम' नावाचं एक भलंथोरलं चाक आहे, चोपन्न घरांचं, त्यातली एकवीस घरं 'एक'ची आणि ज्याच्यासाठी सगळे जीव टाकतात ते घर एकच. आपल्या माणसांसाठी अंदर-बाहर आहे, तीन पत्ती आहे, आणि भारतीय गिऱ्हाइकांवर डोळा ठेवणाऱ्या दुकानांत तर 'अमर अकबर अँथनी' नावाचाही खेळ आहे. एक पान काढायचं: एक्का ते छक्का अमर, सत्ती ते दश्शी अकबर, गुलाम-राणी-राजा अँथनी. १९७७च्या चित्रपटात तिघा भावांचं रक्त एकाच वेळी एकाच आईला चढतं. खेळाने कथेशी इमान राखलं आहे. तिघांकडून निघतं ते एकाच ठिकाणी जातं.

'एव्हिएटर'ही पाहिला. जॉर्जिया देशातल्या स्प्राइब कंपनीचा २०१९चा खेळ, सध्या तरण्या पोरांत याचाच बोलबाला. तांबडं विमान चढत जातं, सोबत आकडा चढतो, दीडपट, दुप्पट, तिप्पट. विमान पळून जायच्या आत पैसे काढून घ्यायचे. ९७ टक्के परतावा. दुपटीपर्यंत पोचण्याची शक्यता अर्ध्याहून जराशी कमी, आणि ते 'जराशी' म्हणजेच कंपनी. डाव काही सेकंदांत संपतो, लगेच पुढचा. काकांनी ताशी दर काढला आणि वहीचं पान उलटून टाकलं.

सर्वांत गोड सापळा बोनसच्या अटींत होता. नव्या गिऱ्हाइकाला बोनस मिळतो, पण तो अमुक पट खेळल्याशिवाय काढता येत नाही. खेळलेलं मोजायची पद्धत अशी: स्लॉटवर लावलेला पौंड पूर्ण मोजला जातो, रुलेटवरचा बऱ्याचदा दहा-वीस टक्के, ब्लॅकजॅकवरचा त्याहून कमी किंवा शून्य. काकांनी हा तक्ता आपल्या ताशी दराच्या तक्त्याशेजारी ठेवला. गिऱ्हाइकाला जो खेळ जितका महाग तितका तो नियमात जास्त भरतो. "मूल्यमापन झालेलंच आहे की," काका म्हणाले. "तीन हजार खेळांत कुठला किती कमावतो हे त्यांनी स्वतःच टक्क्यांत मांडून ठेवलंय. परीक्षकाने हाच तक्ता उलटा छापला तरी काम झालं."

लिहून ठेवलेलं आणि कुणी न वापरलेलं म्हटल्यावर मला महाराष्ट्राचा १९७६चा कॅसिनो कायदा आठवला. विधिमंडळाने मंजूर केलेला, कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा. तो अमलात आणायची अधिसूचना काही निघाली नाही, आणि २०२३ साली सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं कपाटात. गोव्याने दरम्यान मांडवीत जहाजं उभी केली. मी काकांना म्हटलं, बघा, आपल्याकडे कॅसिनोचा ताशी दर शून्य. ते म्हणाले, "त्या कपाटाचं भाडं धरलंस का?"

तपासणी चालू असताना पडद्यावर मधूनच चौकट यायची: 'तुम्ही एक तास खेळत आहात. थोडी विश्रांती घ्यावी असं वाटतं का?' शेजारी त्या बैठकीतला निव्वळ नफा-तोटा. जावई चाचणीपुरते दहा-दहा पेन्स लावायचा, तेही काकांनी खुणावलं तर. तासनतास नुसते नियम वाचणं चालायचं. त्यामुळे तोट्याच्या जागी बहुतेक वेळा ०.०० असायचं. निवृत्तीनंतर आपली विश्रांतीबद्दल चौकशी करणारी ही पहिलीच संस्था, असं काका काकूंच्या देखत म्हणाले. काकूंनी लॅपटॉप मिटला.

परत यायच्या आधी काकांनी रीतसर लेखापरीक्षण अहवाल तयार केला, जावयाकडून इंग्रजीत करून घेतला आणि कॅसिनोच्या ग्राहकसेवेला पाठवून दिला. एकूण नऊ मुद्दे. साठ्यातील दुबार नोंदी, एकाच मालाचे पाच दर, ताशी दर दर्शनी भागात न लावणे, 'ख्रिसमस' खेळ जूनमध्ये उपलब्ध असणे, बोनसमधील खेळनिहाय टक्केवारीचे औचित्य, इत्यादी. शेवटी वर्ग, आणि अनुपालन अहवाल तीस दिवसांत सादर करावा ही विनंती.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभार, तुमच्यासारखे चोखंदळ सदस्य हीच आमची संपत्ती, आणि कृतज्ञता म्हणून जावयाच्या खात्यात वीस मोफत डाव जमा केले आहेत, नव्याने दाखल झालेल्या मासेमारीच्या खेळावर. काकांनी त्याची प्रत काढून फायलीला लावली आणि मार्जिनमध्ये तांबड्या पेन्सिलीने लिहिलं: 'खुलासा अमान्य. मुद्दा क्र. ४ कायम. माशाच्या टोपीबाबत स्वतंत्र विचारणा करावी.'